उशीखालचं बायबल

तुम्ही विचारलंय की नेमाने चर्चला जाऊनही मांजर आडवं गेलं की पाय थबकतो, आणि बायबल उशीखाली नसलं तर झोप लागत नाही. हा अविश्वास म्हणायचा का?

मांजराचं मला फारसं वाटत नाही. अंगी मुरलेली दचक आहे ती, हळूहळू जाईल. काळजी वाटते ती उशीखालच्या बायबलची, कारण पवित्र वस्तूच्या आड दडलेली अंधश्रद्धा लवकर ओळखू येत नाही.

बायबलमधल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा 4 था अध्याय वाचा. पलिष्ट्यांकडून हार झाल्यावर इस्राएलाच्या वडीलजनांनी देवाला विचारलं नाही, सरळ कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, रणात आणवला. तो छावणीत येताच असा जयघोष झाला की भूमी दणाणली. त्याच लढाईत 30,000 पायदळ पडलं आणि कोशही शत्रूने नेला. पितळी सापाचं तसंच. मोशेने तो देवाच्या सांगण्यावरून केला, त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेली माणसं जगली. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). फार धीराचं काम होतं ते, असं मला नेहमी वाटतं.

हे मी वरून सांगत नाही. वडिलांना ऑपरेशनला नेताना नर्सने त्यांच्या गळ्यातला क्रूस काढून माझ्या हातात दिला आणि माझ्या पोटात गोळा आला. निदान मनगटाला तरी बांधू द्या, म्हणून मी तिच्या मागे लागलो. वडील स्ट्रेचरवरूनच म्हणाले, "अरे, प्रभू काय त्या साखळीला बांधलाय? तू प्रार्थना कर." बाहेर बाकावर बसून केली. मूठ उघडली तेव्हा तळहातावर साखळीचे वळ उठले होते. त्या ऑपरेशनमधून ते उठले, दोन वर्षांनी गेले. दोन्ही वेळा मी तितक्याच कळकळीने मागितलं होतं.

म्हणून बाबेलच्या राजाने उभारलेल्या मूर्तीला नमायला नकार देणाऱ्या शद्रख, मेशख आणि अबेदनगो या तीन यहूद्यांचं बोलणं मला धरून ठेवतं. धगधगत्या भट्टीसमोर ते राजाला म्हणाले की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने न सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमणार नाही (दानीएल 3:17-18). ताईत बांधणाऱ्याला हे 'न सोडवलं तरी' म्हणताच येत नाही. ताईत चालला नाही की तो दुसरा शोधतो.

आज रात्री बायबल उशीखालून काढा आणि स्तोत्र 4 मोठ्याने वाचा. अवघी 8 वचनं आहेत, शेवटचं तर झोपेबद्दलच आहे. मग ते टेबलावर ठेवा आणि दिवा मालवा. भीती वाटलीच तर लपवू नका, "प्रभू, मला भीती वाटतेय" एवढंच म्हणा. पहिल्या एकदोन रात्री झोप उशिरा लागेल, तेवढं चालू द्या.