कॅनडाचा हिवाळा आणि एडब्ल्यूडी ईव्ही: तुमचे प्रश्न

ऑक्टोबर लागला की गाड्यांचे प्रश्न यायला लागतात, आणि यंदा जवळपास सगळे ईव्हीबद्दलच आहेत. चार घेतलेत, जरा सविस्तर.

ब्रॅम्पटनहून एक ताई विचारतात: ईव्ही घ्यायची ठरलीय, पण एडब्ल्यूडीला (चारही चाकांना मोटरचा जोर मिळतो ती गाडी) काही हजार डॉलर जास्त पडतात. मिस्टर म्हणतात बर्फात एडब्ल्यूडी पाहिजेच. खरंच?

ताई, आधी विंटर टायरचे पैसे बाजूला काढा, मग उरलेल्या पैशात काय बसतं ते बघा. एडब्ल्यूडीचं काम गाडी जागेवरून हलवायचं, आणि ते ईव्हीत फार छान होतं कारण पुढे एक मोटर, मागे एक मोटर, पुढची चाकं बर्फात जागच्या जागी फिरायला लागली की कॉम्प्युटर लगेच मागच्यांना जोर देतो. पण थांबायची वेळ आली की एडब्ल्यूडी काही करत नाही हो. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांवर लागतात, आणि त्या चाकांना रस्ता धरता येतो की नाही ते टायरवर. त्यात ईव्ही जड, दोन टनांच्या आसपास. मी इथल्या पहिल्या हिवाळ्यात एडब्ल्यूडीच्या भरवशावर ऑल-सीझन टायरवरच राहिलो होतो आणि एका उतारावर लाल सिग्नल दिसत असताना गाडी सरळ चौकात घसरत गेली, बायको शेजारी, मुलगी मागे. समोरून कोणी आलं नाही म्हणून आज हे लिहितोय.

ऑल-सीझनचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह बघूनच घ्या. क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात, तुमच्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही पण इन्शुरन्सवाले सूट देतात, फोन करून मागा. सपाट रस्ते, प्लो (बर्फ हटवणारी गाडी) वेळेवर येतो, असं असेल तर रिअर-व्हील (फक्त मागच्या चाकांना जोर) आणि चांगले विंटर टायर पुरतात. ड्राइव्हवे चढाचा असेल किंवा दर वीकेंडला गावाबाहेर जात असाल तर एडब्ल्यूडी घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. आणि बर्फ असेल त्या दिवशी रिजन ब्रेकिंग (पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी भरते ते) कमी ठेवा, ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला तर रिअर-व्हील गाडीची मागची बाजू सरकू शकते.

विनिपेग: अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये फक्त ब्लॉक हीटरचा (थंडीत पेट्रोल गाडीचं इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरचा) प्लग आहे. त्यावर ईव्ही चालेल का? रोज ३० किलोमीटर जाणं-येणं.

काठावरचं काम आहे. तो १२० व्होल्टचा प्लग, त्यातून साधारण १.४ किलोवॅट मिळणार, म्हणजे रात्रीच्या दहा तासांत १४ युनिट. तुमचे ३० किलोमीटर कडक थंडीत आठ-नऊ युनिट खातील, तेव्हा कागदावर जमतं. पण उणे २५ ला गाडी आधी स्वतःची बॅटरी गरम करते, त्यात त्या १४ मधला बराच हिस्सा जातो, उरलेलं चार्ज होतं. दुसरं, आणि हे नक्की विचारा, काही पार्किंगमध्ये ब्लॉक हीटरच्या प्लगला सलग करंट नसतो, वीज वाचवायला थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद असं चालतं. तसं असेल तर त्या प्लगवर अवलंबून राहू नका. बिल्डिंगवाल्यांशी २४० व्होल्टबद्दल बोला, ते नाही म्हणाले आणि ऑफिसलाही चार्जर नसेल तर मी अजून दोन वर्षं थांबायला सांगेन. गाडी कुठली यापेक्षा रात्री ती कुठे चार्जिंगला लागणार हा प्रश्न मोठा आहे, आणि लोक तोच शेवटी विचारतात.

कॅल्गरी: महिन्यातून दोनदा एडमंटन. किती रेंजची गाडी घेऊ? हीट पंप (साध्या हीटरपेक्षा कमी विजेत गाडी गरम करणारं यंत्र) हवाच का?

अंतर साधारण ३०० किलोमीटर. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये उणे ७ डिग्रीला काही ईव्ही तपासल्या, हीटर लावून रेंज सरासरी ४१ टक्के कमी झाली, हीटर न लावता फक्त १२ टक्के. म्हणजे बॅटरी गार पडते हे खरं पण जास्त खातो तो हीटर. म्हणून हीट पंप असलेलीच बघा, फार कडक थंडीत त्याचा फायदा कमी होतो पण उणे पाच-दहाला, म्हणजे हिवाळ्यातल्या बऱ्याच दिवसांत, तो चांगला उपयोगी पडतो. टेस्लाची मॉडेल वाय, ह्युंदाईची आयोनिक ५, सुबारूची सोल्टेरा सगळ्या एडब्ल्यूडीत मिळतात, तुम्ही घेताय त्याच व्हेरिएंटला हीट पंप आहे का ते लेखी विचारा. कंपनी ४५० सांगत असेल तर जानेवारीत २७० धरा आणि रेड डिअरला थांबायचंच ठरवा, ते मधोमध आहे. फास्ट चार्जर गाडीच्या नेव्हिगेशनमध्येच टाका म्हणजे ती जाता जाता बॅटरी गरम करते, गार बॅटरी फास्ट चार्जिंग नीट घेत नाही, अर्ध्या तासाचं काम तासावर जातं. निघण्याआधी घरच्या प्लगवर असतानाच गाडी गरम करून घ्या.

ऑटावा: आईबाबा डिसेंबरमध्ये नाशिकहून येतायत. हायवेवर बर्फात अडकलो तर ईव्हीत गारठून जाऊ अशी भीती वाटते.

भीती समजते, पण इथे ईव्ही उलट बरी आहे. उभ्या गाडीत उब टिकवायला तासाला साधारण दोन युनिट धरा, कडाक्याच्या थंडीत थोडं जास्त. ६० युनिटची बॅटरी अर्धी भरलेली असेल तर रात्र निघते. पेट्रोल गाडीत इंजिन चालू ठेवून बसलो आणि सायलेन्सर बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, माणसं झोपेतच जातात, तो धोका इथे नाही. फक्त हिवाळ्यात चार्ज निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, डिकीत दोन जाड ब्लँकेट, फावडं, पाणी ठेवा आणि अडकलात तर हीटर कमी करून सीट हीटर लावा, तो फार कमी वीज खातो. आईबाबांना मागे बसवणार ना, मग मागच्या सीटलाही हीटर आहे का ते शोरूममध्ये बसून, चालू करून बघा.