टेम्प्लेट लिहिलं, पण लागत नाही : एक्सएसएलटीची प्रश्नोत्तरे

प्रश्न : वाचनालयाची पुस्तकयादी एक्सएमएलमध्ये आहे. एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेने) तिचा एचटीएमएल तक्ता करायचा होता. 'पुस्तक' या घटकासाठी टेम्प्लेट (त्याचं रूपांतर कसं करायचं तो नियम) लिहिलं, तरी नावं आणि किमती एकापुढे एक चिकटून उमटतात. असं का?

उत्तर : तुमचं टेम्प्लेट लागलेलंच नाही. टेम्प्लेट नसलेल्या घटकाला प्रोसेसर (रूपांतर करणारा प्रोग्रॅम) अंगभूत नियम लावतो : आत उतर आणि सापडेल तो मजकूर छाप.

आता ते का लागलं नाही? बहुतेक वेळा नेमस्पेसमुळे, म्हणजे नाव कुठल्या घराण्यातलं हे सांगणाऱ्या पत्त्यामुळे. फाइलीच्या मूळ घटकावर 'एक्सएमएलएनएस' (नेमस्पेस जाहीर करणारं अॅट्रिब्यूट) आहे का बघा. असेल, तर फाइलीतलं 'पुस्तक' आणि तुमचं 'पुस्तक' ही नावं सारखी, पण घराणी वेगळी. एक्सपाथ 1.0 मध्ये (एक्सएसएलटी घटक निवडायला वापरते त्या भाषेत) उपसर्ग नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. स्टाइलशीटवर (टेम्प्लेटं असलेल्या फाइलीवर) तोच नेमस्पेस डीफॉल्ट म्हणून लिहूनही फरक पडत नाही (या समजुतीपायी माझी एक अख्खी दुपार गेली आहे). त्या पत्त्याला 'ग्रंथ' असा एखादा उपसर्ग द्या आणि 'मॅच', 'सिलेक्ट' या अॅट्रिब्यूटांत सगळीकडे 'ग्रंथ:पुस्तक' लिहा. पत्ता अक्षरन् अक्षर जुळायला हवा. शेवटची तिरकी रेघ राहिली तरी संपलं.

प्रश्न : अनुक्रमांकासाठी व्हेरिएबल ठेवलं, पण ते वाढतच नाही.

उत्तर : वाढणारही नाही. एक्सएसएलटीत व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत कायमची. घटक कितवा हे सांगणारं 'पोझिशन' फंक्शन वापरा. 'सॉर्ट' लावलंत तर क्रमांकही लावलेल्या क्रमानेच येतात. मात्र 'अप्लाय-टेम्प्लेट्स'ला (टेम्प्लेटं लावायला सांगणाऱ्या सूचनेला) 'सिलेक्ट' देऊन फक्त हवे ते घटक निवडा. नाहीतर घटकांमधल्या रिकाम्या ओळीही मोजल्या जातात आणि क्रमांक 2, 4, 6 असे येतात! आकडे देवनागरीत हवे असतील, तर 'डेसिमल-फॉरमॅट'मध्ये 'झिरो-डिजिट' म्हणून देवनागरी शून्य द्या आणि 'फॉरमॅट-नंबर'च्या साच्यातही तेच शून्य लिहा.

प्रश्न : क्रोम एक्सएसएलटी काढून टाकणार म्हणे. आमचं पान ब्राउझरमध्येच बनतं.

उत्तर : खरं आहे, गूगलने 2025 मध्ये तसं जाहीर केलं. ब्राउझर 1999 च्या 1.0 आवृत्तीवरच थांबले, आणि त्यामागच्या जुन्या सी कोडमधल्या सुरक्षेच्या त्रुटी निस्तरणं जड झालं. स्टाइलशीट फेकू नका, फक्त काम ब्राउझरबाहेर न्या : यादी बदलली की 'एक्सएसएलटीप्रॉक' हा कमांड-लाइन प्रोग्रॅम चालवून तयार एचटीएमएल सर्व्हरवर ठेवा. 'सॅक्सन' हा दुसरा प्रोसेसर घेतलात तर एक्सएसएलटीची 3.0 आवृत्तीही हाताशी येते, आणि पहिल्या प्रश्नातला उपसर्गाचा घोळ 'एक्सपाथ-डीफॉल्ट-नेमस्पेस' या एका अॅट्रिब्यूटने मिटतो.