हरतालिकेचा निर्जळी उपवास आहे, आदल्या रात्री काय जेवावं?

साधं जेवा, पण पोटभर. ज्वारीची भाकरी, मुगाचं घट्ट वरण, वर चमचाभर तूप, दोडक्याची नाहीतर दुधीची भाजी आणि वाटीभर दही. भाकरी-डाळ सावकाश पचते, त्यामुळे सकाळी लगेच कडकडून भूक लागत नाही. पापड, लोणचं, फरसाण त्या रात्री नकोच, मिठाने तहान वाढते. गोडाचंही तेच. पाणी मात्र झोपताना एकदम तांब्याभर पिऊ नका, दुपारपासून थोडं थोडं प्या.

चहाची सवय असेल तर दोन-तीन दिवस आधीपासून एकेक कप कमी करा. उपवासाला डोकं ठणकतं ते बऱ्याचदा चहा तुटल्यामुळे.

मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर निर्जळी करूच नका, फळं-दूध घेऊन करा. कित्येक घरांत तसाच करतात.