वाचकांचे प्रश्न : बी.ए. मानसशास्त्र म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : मॅडम, मी औसा तालुक्यातली. लातूरला राहून 'नीट'ची परीक्षा दोनदा दिली, एमबीबीएसला लागतील एवढे मार्क पडले नाहीत. आता मला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचंय. पुण्यातल्या एका खासगी लिबरल आर्ट्‌स विद्यापीठात प्रवेश मिळतोय, फी अर्धी माफ आहे. उरलेल्या फीसाठी पप्पा शेत तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत, पण ते आतून खूश नाहीत. लातूरच्या कॉलेजातही हा विषय आहे. आत्या म्हणते, "बारावी सायन्स करून येड्यांचं शिक्षण कशाला घ्यायलीस?" या विषयात नेमकं काय शिकवतात? बी.ए. झाल्यावर समुपदेशक होता येईल का? आणि मी कुठं जाऊ?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या तीन प्रश्नांतला पहिला सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देते. अंबाजोगाईच्या एका कला महाविद्यालयात मी हा विषय बरीच वर्षं शिकवते. दर जुलैत समोर बसलेल्या बहुतेक मुलामुलींना वाटत असतं की इथं दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकवतील. ते कुणी शिकवत नाही. माणसांविषयी आपल्याला जे वाटतं ते खरंच तसं आहे का, हे तपासायचं कसं, ते शिकवतात. आत्याबाईंना सांग, मानसिक आजारांचा भाग अभ्यासक्रमात आहे, पण तो अनेक पेपरांतला एक. बाकी अवधान, स्मृती, शिकणं, भावना, मुलांची वाढ, गर्दीतलं वागणं, कामाच्या ठिकाणचं वागणं हे सगळं तुझ्या-माझ्यासारख्या चालत्याबोलत्या माणसांविषयी असतं.

या विषयाचा जीव प्रात्यक्षिकात आहे. आरशातल्या रेखनाचा प्रयोग बघ. तू प्रयोगकर्ती, समोरची मैत्रीण प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. पुढच्या वेळी उलट. टेबलावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेला कागद, पुढे उभा आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून आडपडदा. आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या खेपेला हात भलतीकडे जातो, कोपऱ्यावर तर अडकूनच बसतो. तू वेळ मांडायचा, पेन्सिल रेघेबाहेर किती वेळा गेली ते मोजायचं. खेपा वाढतील तसा वेळ घटत जातो. मग डाव्या हातानं काढायला सांगायचं. डाव्या हाताची एक खेप सुरुवातीला घेतलेली असते, मधला सगळा सराव उजव्याचा. तरी डाव्याचाही वेळ बहुतेकदा कमी येतो. शिकलं कोण, हात की मेंदू, हा प्रश्न मी विचारायच्या आधी वर्गातूनच येतो.

एका वर्षी माझ्या वर्गात ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर रिव्हर्स घेणारा एक मुलगा होता. त्यानं पहिल्याच खेपेला चांदणी झरझर काढली. ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, त्यामुळं वर्गानं लगेच निकाल दिला : ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना हे जमतं. मी म्हटलं, तपासा. मुलांनी चालवणारे आणि न चालवणारे असे दोन गट जमवले, प्रत्येकाची वेळ घेतली आणि मांडून बघितली. दोन्ही गटांच्या वेळा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या निघाल्या की कागदावरून कुठला आकडा कुणाचा ते ओळखता येईना. मग खरी चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाला, चालवणारे सगळे मुलगे आहेत आणि न चालवणाऱ्यांत मुली जास्त, ही तुलनाच बरोबर नाही. एक मुलगी म्हणाली, भरतकाम करणाऱ्या मुली वेगळ्या काढा, त्यांचा हात आधीच बसलेला असतो. नमुना (तपासायला निवडलेली माणसं), चल (माणसागणिक बदलणारी गोष्ट), नियंत्रित गट (तुलनेसाठीचा गट) हे शब्द पुस्तकात महिनाभरानं आले, तेव्हा वर्गाला ते ओळखीचे वाटले. मानसशास्त्र शिकणं म्हणजे हे. पहिल्यांदा आलेल्या निष्कर्षावर न थांबणं.

दुसरा मोठा भाग संख्याशास्त्राचा. मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पांगलेत), सहसंबंध (दोन गोष्टी जोडीनं बदलतात का), दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा. कला शाखेतून आलेली मुलं इथं घाबरतात. तू सायन्सची आहेस, शिवाय दोन वर्षं पर्सेंटाइल हा शब्द झोपेत ऐकलायस. त्या पर्सेंटाइलच्या मागचं गणित इथं समजेल. लातूरची ती दोन वर्षं वाया गेली असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे सांग. जीवशास्त्रातला चेतासंस्थेचा धडाही पहिल्याच वर्षी पुन्हा भेटतो.

आणखी एक गोष्ट आताच ऐकून ठेव, कारण काही ठिकाणी ती तिसऱ्या वर्षापर्यंत कुणी सांगत नाही. या शास्त्राचं वय फार नाही. जर्मनीत लाइप्झिगला व्हिल्हेल्म वुंटनं प्रयोगशाळा सुरू केली ती १८७९ साली. भारतातला पहिला विभाग कोलकाता विद्यापीठात १९१६ साली निघाला. पुस्तकातलं सगळंच पक्कं नाही. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटानं नावाजलेल्या नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त अभ्यासांचे निष्कर्ष पुन्हा टिकले. त्याआधी २०१० साली हेन्रिक, हाइन आणि नोरेंझायन या तिघांनी दाखवून दिलं होतं की जगाविषयी बोलणारे बहुसंख्य प्रयोग पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू समाजांतल्या लोकांवर, त्यातही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. म्हणजे तुझ्या आजीसारख्या बाईवर पुस्तकातली कितीतरी विधानं कधी तपासलीच गेली नाहीत. मला हे वाचून हुरूप येतो. तुझ्याच तालुक्यातल्या किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जो भूकंप झाला, त्यातून वाचलेल्या लोकांच्या मनःस्थितीवरचा अहवाल १९९६ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात छापून आला. त्या लोकांची मुलं-नातवंडं आज तुझ्या आसपास राहतात. बीडकडं ये. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेले आईबाप उन्हाळ्याच्या तोंडावर परततात आणि तोवर मुलं आजी-आजोबांपाशी राहतात. त्या मुलांच्या शाळेचं, झोपेचं, भीतीचं काय होतं, हे विचारणारी इथलीच, इथली भाषा बोलणारी मुलगी हवी. हे काम तुला करता येईल, आणि ते कुणीतरी करावं असं मला फार वाटतं.

आता समुपदेशनाचं. नुसत्या बी.ए.वर उपचार करायला बसू नकोस, कुणी बसवलं तरी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करायचं तर १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी परिषदेनं मान्य केलेला व्यावसायिक अभ्यासक्रम करावा लागतो. हे अभ्यासक्रम सध्या बदलताहेत, म्हणून प्रवेश घेशील त्या वर्षीची यादी परिषदेच्याच संकेतस्थळावर बघायची, एजंटाच्या पत्रकात नाही. शाळा, रुग्णालयं, संस्था यांच्या समुपदेशक पदांच्या जाहिरातींतही बहुधा एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) मागतात. तेव्हा पप्पांना आजच सांग की हा रस्ता बी.ए.पाशी संपत नाही. पण गरज किती आहे तेही सांग. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीची. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही.

कुठं जायचं? लिबरल आर्ट्‌समध्ये चांगलं काय असतं ते आधी सांगते. एक मुख्य विषय घेऊन त्याच्या जोडीला अर्थशास्त्र, साहित्य, तत्त्वज्ञान, जीवशास्त्र असं शिकता येतं, वर्ग लहान असतात, दर आठवड्याला लिहायला लावतात, आणि चांगल्या ठिकाणी पदवीच्या मुलांनाही प्राध्यापकांच्या संशोधनात हात घालायला मिळतो. हे सगळं खरंच मोलाचं आहे. पण २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५पासून मुख्य विषय, दुय्यम विषय आणि दुसऱ्या शाखेचे खुले विषय अशी रचना आली आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवले तर चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. तुझ्यासारखीनं ते करावंच. दुय्यम विषय समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र घे. ही रचना कागदावर सगळीकडे सारखी दिसते, प्रत्यक्षात मात्र कॉलेजकडे ज्या विषयाचे शिक्षक आहेत तोच विषय मिळतो.

शेत तारण ठेवून जाऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढं एम.ए. आणि त्यानंतरचा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, पैसा तिथं लागणार आहे, आणि बी.ए.च्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मिळेल ती नोकरी शोधायला लागते. पूर्ण फी आणि वसतिगृहाचा खर्च माफ होत असेल तर मात्र उद्याच जा. त्या विद्यापीठाला आधी लेखी विचार : फीमाफी चारही वर्षं राहणार का, त्यासाठी किती गुण टिकवावे लागतील, आणि फी दरवर्षी वाढते का.

लातूरच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीशी थांबू नकोस, विभागात जा. मानसशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापक आहे की सगळं तासिका तत्त्वावर चाललंय? प्रयोगशाळेचं कुलूप आठवड्यातून किती वेळा निघतं? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीचं जर्नल, म्हणजे प्रयोगवही, मागून बघ. आकडे तिनं स्वतः घेतलेत की गेल्या वर्षीच्या जर्नलातून उतरवलेत, हे दोन पानांत कळतं. लातूरला समाधान झालं नाही तर छत्रपती संभाजीनगरला आणि नांदेडला जाऊन हेच प्रश्न विचार. बी.ए. करतानाच सीयूईटी-पीजीची तयारी ठेव. त्या परीक्षेवर दिल्ली किंवा बनारससारख्या केंद्रीय विद्यापीठांत एम.ए.ला जाता येतं आणि तिथली फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते. इंग्रजीची धास्ती असेल तर पहिल्या वर्षापासून प्रत्येक धडा आधी मराठीत समजून घे आणि त्याच आठवड्यात इंग्रजी पुस्तकातून पुन्हा वाच. माझ्या ज्या विद्यार्थिनी बाहेर गेल्या त्या हे नेमानं करायच्या.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र शिकायलाय. सुट्टीत घरी आला की आजीला ओसीडी (मंत्रचळ) आहे, बहिणीला डिप्रेशन आहे, मी टॉक्सिक आहे, असं बोलतो. घरात वाद व्हायलेत. विषय बदलायला लावू का?
— एक पालक, गेवराई

उत्तर : भाऊ, विषय बदलू नका. आजारांची लक्षणं पहिल्यांदा वाचली की ती सगळीकडे दिसायला लागतात. वैद्यकीय शिकणाऱ्या मुलांचंही हेच होतं. त्याला रागावण्यापेक्षा त्याच्याच पुस्तकातला प्रश्न विचारा : कशावरून? नैराश्याचं निदान करायला लक्षणं किमान दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ असावी लागतात आणि त्यानं रोजचं जगणं अडावं लागतं. आजी दोनदा कुलूप तपासतात एवढ्यानं ओसीडी होत नाही. शिवाय निदान करायचा अधिकार त्याला नाही, हे त्याचे प्राध्यापक त्याला सांगतीलच.

तरी बहिणीविषयी तो जे म्हणतो ते एकदा शांतपणे ऐकून घ्या. शब्द चुकला असेल, पण त्यानं काहीतरी बघितलेलं असू शकतं. मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, बोलेनाशी झाली असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत, फुकट आणि कधीही बोलता येतं. आणि मुलगा तुम्हाला टॉक्सिक म्हणतो, तेव्हा त्याला कुठली गोष्ट लागली ते विचारा. शेतात सोबत असताना विचारा, चारचौघांत नको.

प्रश्न : मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. इतिहासात बी.ए. झालंय. लहान मुलांबरोबर काम करताना मानसशास्त्र शिकावंसं वाटतं. नोकरी सोडता येत नाही. घरबसल्या पदवी होईल का?
— एक वाचक

उत्तर : ताई, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं मानसशास्त्राचे नवे प्रवेश विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून बंद केले आहेत. कुणी "आम्ही करून देतो" म्हणत पैसे मागितले तर देऊ नका. इतिहासाच्या बी.ए.वर मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश काही विद्यापीठं देतात, पण तो नियमित वर्गाचा असतो आणि अटी विद्यापीठागणिक वेगळ्या असतात. नोकरी सांभाळून ते तुम्हाला आज झेपणार नाही असं मला वाटतं.

तुम्हाला पदवीपेक्षा मुलांविषयीचं ज्ञान हवं आहे, असं पत्रावरून दिसतं. ते मिळण्याची सोय आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत महिला व बालविकास मंत्रालयाच्या मदतीनं 'संवाद' हा मुलांच्या मानसिक आरोग्याचा उपक्रम चालतो, आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांना ते प्रशिक्षण देतात. तुमच्या पर्यवेक्षिकेमार्फत प्रकल्प कार्यालयाकडे त्या प्रशिक्षणाची मागणी करा. तुमच्या बीटमधल्या आणखी चार-पाच सेविकांच्या सह्या घ्या, अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच मागून घ्या.