ओटीटीवर बघण्यासारखी छोटी फँटसी ॲनिमे सिरीज कोणती? दोनशे एपिसोडवाली नको.

मोनोनोके बघा. पण शोधताना घोळ होईल हे आधीच सांगतो, कारण नाव टाकलं की आधी घिबली या जपानी स्टुडिओचा १९९७ चा तो लांडगे आणि जंगलवाला प्रसिद्ध पिक्चर येतो. तो चांगलाच आहे पण तो हा नाही, मी म्हणतोय ती तोएई ॲनिमेशनची २००७ ची सिरीज, डायरेक्टर केंजी नाकामुरा. फक्त १२ एपिसोड, म्हणजे एका रविवारी सगळं उरकतं.

गोष्ट एका औषध विकणाऱ्याची आहे. त्याला नाव नाही, पाठीवर औषधांची पेटी घेऊन गावोगाव फिरतो आणि जिथे जातो तिथे काहीतरी भुताटकी निघतेच. त्याच्याकडे तलवार आहे पण ती म्यानातून निघतच नाही, आधी तीन गोष्टी कळाव्या लागतात, भूत कुठल्या रूपाचं आहे, नेमकं काय घडलं होतं आणि कुणाच्या मनात असं काय होतं की हे सगळं झालं. एकेक कळलं की तलवारीच्या मुठीवरचं तोंड कट्कन दात वाजवतं. आपल्याकडे भगत अंगात आलेल्याला विचारतो ना, कोण तू, काय पाहिजे तुला, तसलाच प्रकार, फक्त इथे उत्तर द्यायची वेळ भुतावर कमी आणि खोलीत बसलेल्या जिवंत माणसांवर जास्त येते, आणि ती सगळी खोटं बोलत असतात. मला म्हणूनच आवडली, मारामारी शेवटची दोन-तीन मिनिटं, बाकी सगळी चौकशीच.

एकूण पाच गोष्टी आहेत, प्रत्येक दोन किंवा तीन एपिसोडची, एकमेकींवर फारशा अवलंबून नाहीत. पहिलीत पावसात भिजलेली एक गरोदर बाई रात्री एका धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मागायला येते आणि तिला वरची बंद खोली मिळते, पुढचं सांगत नाही, फक्त तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर ही तिच्यासोबत बघू नका. दुसरी जहाजावरची, ती मला जरा ताणलेली वाटली. चौथी, सुगंध ओळखायच्या स्पर्धेची, माझी सगळ्यात फेवरेट, सगळं चित्र जवळपास काळंपांढरं आणि वास घेतला की तेवढाच रंग भरतो, वास असा दाखवता येतो हे मला कधी सुचलं नसतं. शेवटची गोष्ट तर भुयारी रेल्वेच्या काळात जाते पण औषधवाला तसाच्या तसा.

चित्रं जुन्या जपानी लाकडी ठशांच्या प्रिंटसारखी आहेत, सगळ्यावर कागदाचा पोत. पहिली दहा मिनिटं डोळे गरगरतात, माझेही गरगरले, मी एकदा बंद केली होती आणि दोन महिन्यांनी परत लावली. मोबाईलवर बघू नका, टीव्ही नाहीतर लॅपटॉप, आणि जेवताना तर अजिबात नको, सबटायटल वाचायच्या नादात चित्रं निसटतात.

आवडली तर याच सिरीजवरचा २०२४ चा पिक्चर फँटम इन द रेन नेटफ्लिक्सवर आला होता, पण तो नंतर, आधी सिरीजच.