येझदी रोडकिंग की जुनी कास्ट आयर्न बुलेट 350: रत्नागिरीसाठी कोणती?

रोज गावात, महिन्यातून एकदा आंबा घाटाने कोल्हापूर, असा वापर असेल तर या दोन जुन्या मोटारसायकलींपैकी बुलेट (ओतीव लोखंडी इंजिनाची) घ्या.

आकडे असे: बुलेट 346 सीसी, फोर स्ट्रोक, 18 अश्वशक्ती. रोडकिंग सुमारे 250 सीसी, टू स्ट्रोक, 16 अश्वशक्ती. दोन्हीला चार गिअर. कागदावर ताकदीत फरक किरकोळ, पण रोडकिंग वजनाने हलकी आणि वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्या) झपाट्याने उचलते. बुलेटचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, लांब (90 मिमी), त्यामुळे डबलसीट चढणीलाही ती खालच्या आरपीएमवर ओढते.

खरा फरक उतरणीला कळतो. रोडकिंगचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं. थ्रॉटल बंद ठेवून गिअरवर लांब उतरलात तर इंजिनाला ऑइल कमी पडतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो; म्हणून मधूनमधून थोडा थ्रॉटल द्यावाच लागतो. बुलेटला ही चिंता नाही, इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडून गिअरवरच वेग रोखणं) बिनधास्त वापरा. ड्रम ब्रेक दोन्हीचे बेताचेच. बुलेटचा गिअर मात्र उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सवय होईपर्यंत जपून.

तरी रोडकिंगवरच जीव असेल, तर इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिनाचा वेग) आपोआप चढतंय का बघा. चढत असेल तर बहुधा क्रँकचे (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे) ऑइल सील गेलेत. खाऱ्या हवेने टाकी आतून गंजते, टॉर्च मारून पाहा. चेसिस नंबर गंजून पुसट झाला असेल तर कोणतीही गाडी घेऊ नका, नोंदणीच्या नूतनीकरणात अडकाल.