एकाच क्रूझ कंपनीला धरून राहावं का?

पहिल्या दोन-तीन सफरी तरी, एकाच कंपनीबरोबर पुन्हा पुन्हा गेल्यावर साठणाऱ्या पॉइंट्सचा विचारच करू नका. आधी जहाज, मार्ग आणि तारखा बघा. रॉयल कॅरिबियन या कंपनीत साध्या केबिनला रात्रीमागे एक पॉइंट मिळतो, स्वीटला (मोठ्या, महागड्या खोलीला) दोन. डायमंड ही सभासदांची वरची पातळी गाठायला ८० पॉइंट्स लागतात, म्हणजे सात रात्रींच्या जवळपास बारा सफरी! तिथे पोचलात की रोज चार पेयं फुकट मिळतात. दारू घेणाऱ्याला त्याचा खरंच फायदा होतो, न घेणाऱ्याला फारसा उपयोग नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली सवलत म्हणजे फुकट धुलाई. प्रिन्सेस या क्रूझ कंपनीच्या एलिट, म्हणजे वरच्या पातळीच्या सभासदांना ती मिळते. कपडे पिशवीत भरून द्यायचे, घडी घालून परत येतात. लांबच्या सफरीत बॅग निम्मी होते हो!

पण अशा सवलतींसाठी महाग तिकीट घेऊ नका. मी एकदा निव्वळ पातळी वाढावी म्हणून नको असलेला मार्ग घेतला. सगळी बंदरं आधी पाहिलेली, अजून हळहळ वाटते. शिवाय एमएससी ही क्रूझ कंपनी दुसऱ्या कंपनीतली पातळी बघून आपल्याकडची पातळी देते, तेव्हा कंपनी बदलली की सगळं पाण्यात जातं असंही नाही. सभासदत्व मात्र पहिल्याच सफरीपासून घ्या, ते फुकट असतं.